नग बावीस, निरुपयोगी

एकतीस वर्षं वरणगावच्या फॅक्टरीत
काडतुसं तपासली. टेबलावर दोन ट्रे :
पास, नापास.
दिवसाला किती, ते विचारू नका,
सांगणार नाही म्हणून सही करून दिलेली आहे.
एवढंच सांगतो,
माझ्या हातून पास झालेल्या एकाही गोळीचा
आवाज मी ऐकलेला नाही.

आता यावलला, केळीच्या वखारीमागे,
पत्र्याखाली बसून बंदुका करतो.
न उडणाऱ्या.
डोंगरकठोऱ्याच्या पोरांना लागतात.
नदीच्या वाळूत दरवर्षी ते एक लढाई खेळतात
जी कुठल्या पुस्तकात नाही,
म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे, आणि तिथेही
दर म्हाताऱ्यागणिक मेलेल्यांचा आकडा वेगळा.

नळी म्हणजे आटलेल्या बोअरचा पाईप.
दस्त्याला पाडलेल्या शाळेची सागवानी चौकट.
चापाची स्प्रिंग शिलाई मशीनची.
बाजारचे स्क्रू चालत नाहीत, त्यांची खाच फार सरळ;
कानशीने जरा वाकडी करतो,
माणसाच्या हातची वाटेल इतकीच.
लोखंड रात्रभर चिंच-मिठाच्या पाण्यात,
सकाळी दीडशे वर्षांचं होऊन निघतं.
मग जवसाचं तेल, तळव्यानं, सावकाश.
बायको म्हणते, पोरीच्या लग्नात
हळदसुद्धा इतकी चोळली नव्हती तुम्ही.

रुबाब तडवीनं खांद्याला लावून पाहिली.
"काका, लांब पडते मले.
आमचे पणजे काय ताडाएवढे होते?"
दोन बोटं दस्ता कापला.
मग म्हणाला, "पट्टा चामड्याचा कसाले?
लुटेल बंदूक हाये. पट्टा कोन देईन तिच्यासंग?"
हे मला सुचलं नव्हतं.
सुताची दोरी वळून दिली.

हवालदार बाविस्कर येऊन गेले.
प्रत्येक नळीत बॉलपेन घालून पाहिलं.
चार बोटांवर पेन अडे, पुढे शिसं ओतून बंद.
बावीस वेळा पेन अडलं.
मग त्याच पेननं वहीत लिहिलं :
नग बावीस, निरुपयोगी.
वाचून दाखवलं तेव्हा
मला उगाच बढती मिळाल्यासारखं वाटलं.
आख्खी नोकरी निरुपयोगी वेचून बाजूला काढण्यात गेली,
इथे एकही पास होऊन चालत नाही.

लढाईच्या दिवशी बारोट्याच्या सुमारास लाईट गेली.
गोळीबार सगळा स्पीकरमध्ये होता.
पोरं वाळूत बंदुका रोखून उभी,
स्पीकर मुका.
कोणीतरी तोंडानं "ठो" केलं
आणि काठावरची माणसं खदखदून हसली.
आईस्क्रीमवाल्यानंही घंटी वाजवून घेतली.

पण ज्याला पडायचं होतं तो पडला.
मग दुसरा. मग तिघं एकदम.
नुसता चाप टक् वाजायचा
आणि तिकडे कुणीतरी गुडघ्यावर यायचं.
हसणं कधी थांबलं, लक्षात नाही.
वाळूवर अंग पडल्याचा आवाज ऐकू येत होता,
पोतं उतरवल्यासारखा,
आणि मी, सवयीनं,
मोजत होतो.

सतराव्यानंतर मी मान खाली घातली.
चपलेचा अंगठा तुटलेला आहे हे तेव्हा दिसलं.

लाईट आली ती सगळे उठून अंग झटकत असताना.
स्पीकर एकटाच धडाधड उडत राहिला,
कोणीतरी धावत जाऊन वायर ओढली.

आठवड्यानं रुबाब परत आला, संगे पाचसहा पोरं,
ती कंपनी सरकारकडून लढणारी,
आजवर बांबूच्या काठ्या घेऊन.
"यांच्यासाठी बी करा काका.
त्या पलटणीत बी भिल्लच होते,
पगारावर."

पगारावर.
मी टेप काढला.
पहिल्या पोराच्या खांद्यापासून बोटापर्यंत धरला,
मग रुबाबचं जुनं माप वहीत पाहिलं.

"हात सरळ कर," म्हटलं, "पुन्हा घेतो."